तुंबलेला पाट

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)





पालक मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो परीक्षा, गृहपाठ आणि शिस्त यांवर बोलणार हे ठरलेले असते. आज मी त्यातले काहीच बोलणार नाही. यकृत, पित्ताशय, त्यांच्याभोवतीच्या शिरा आणि त्या शिरांचे चित्र काढणारी यंत्रे हा माझा आजचा विषय आहे. मी बी. ए., बी. एड. आहे. मराठी आणि इतिहास शिकवतो. डॉक्टर तर नाहीच, विज्ञानाचा शिक्षकही नाही. मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे आपण विचाराल. अधिकार एवढाच की हा विषय मला माझ्या एका विद्यार्थ्यामुळे शिकावा लागला, आणि तो शिकण्यापूर्वी मी त्या विद्यार्थ्यावर अन्याय केला होता. त्या अन्यायाची कबुली मला आपल्यासमोर द्यायची आहे.

मुलगा तेव्हा सातवीत होता. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तडवी वाडीतला. त्याचे नाव मी सांगणार नाही. वडील केळीच्या बागेत मजुरी करतात, आजोबा घरी असतात. मुलगा अक्षराने सुरेख, स्वभावाने शांत. मात्र कवायतीच्या तासाला दोन फेऱ्या झाल्या की तो खाली बसायचा. चेहरा फिकट, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे आलेले. मुले त्याला 'ढेऱ्या' म्हणत, आणि सांगायला लाज वाटते, मीही एकदा हसलो. आळस करतो म्हणून मी त्याला दोन वेळा मैदानात उभे केले. त्याने तक्रार केली नाही. खाली मान घालून तो उभा राहिला.

त्या वर्षी जानेवारीत त्याला ताप येऊन गेला. घरच्यांनी दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून दिल्या. चार दिवसांनी तो शाळेत आला आणि माझ्याच तासाला, फळ्यावरचे उतरवून घेता घेता, त्याला रक्ताची उलटी झाली. थोडीथोडकी नव्हे, पुढचे बाक भिजले. आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. वाटेत मला एकच वाटत होते की याला क्षय झाला आहे आणि आम्ही सगळे झोपलो होतो. संध्याकाळी आजोबा आले. त्यांनी माझा हात धरून विचारले, "गुरुजी, पोऱ्याले कोनाची नजर लागली?" मी काय उत्तर देणार? त्यांचे अज्ञान आणि माझे अज्ञान यांत फरक एवढाच होता की माझ्या अज्ञानावर पदवीचा शिक्का होता.

क्षय नव्हता आणि नजरही नव्हती. मुलाला रक्त चढवले, घशातून दुर्बीण घातली, तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला शिरा द्राक्षांच्या घडासारख्या फुगलेल्या दिसल्या. त्यांतली एक फुटली होती. डॉक्टरांनी त्या शिरा रबरी कड्यांनी आवळून बांधल्या आणि रक्त थांबले. नंतर त्यांनी आजोबांना विचारले, "याच्या पोटात डाव्या बाजूला गाठ लागते, ती कधीपासून?" आजोबा म्हणाले, "ती तं पानथरी. लहानपनापासून हाये." आणि मुलाचा सदरा वर करून त्यांनी डाव्या बरगडीखालचे दोन जुने डाग दाखवले. तापलेल्या विळ्याचे.

पाणथरी म्हणजे प्लीहा. आपल्या खानदेशात हिवताप जुना, आणि हिवतापात प्लीहा वाढते. पूर्वी एखाद्या गावात हिवताप किती आहे हे मोजायचे असेल तर आरोग्य खात्याची माणसे लहान मुलांची पोटे दाबून किती जणांना पाणथरी लागते ते मोजत असत. त्यामुळे पाणथरी दिसली की हिवताप आणि त्यावर डाग, हे समीकरण घराघरात बसले. परंतु प्लीहा वाढायला इतरही कारणे असतात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, थॅलसेमिया आहे. आणि आणखी एक कारण आहे, ज्याचे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर तुंबणे.

ही शीर काय आहे ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. आपण मराठीत प्रेमाला, धैर्याला 'काळीज' म्हणतो. उर्दूत 'जिगर' म्हणतात. मात्र खाटकाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की तो हृदय देत नाही, यकृत देतो. आणि जिगर म्हणजेही यकृतच. भाषेने या अवयवाला मोठा मान दिला आहे आणि तो योग्यच आहे. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलोचे असते. शरीरातील इतर अवयवांना शुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीकडून रक्त मिळते. यकृताला धमनीकडून मिळते ते सुमारे पाव हिस्सा. उरलेले पाऊण हिस्सा रक्त एका शिरेतून येते. आतडी, जठर आणि प्लीहा यांतून निघालेले रक्त या शिरेत गोळा होते. अन्नातून शोषलेले सगळे काही घेऊन ती यकृतात शिरते आणि तेथे पुन्हा असंख्य बारीक फाट्यांत फुटते. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात, मराठी पुस्तकांत तिला यकृतद्वार शीर म्हणतात.

माझे गाव धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी. तेथे शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून मोठा पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून फडात पाणी. पाणी सोडायला पाटकरी. ती पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यकृताचा कारभार चटकन समजेल. यकृत म्हणजे फड. ही शीर म्हणजे मोठा पाट. आता विचार करा, पाट मध्येच गाळाने तुंबला तर काय होईल? पाणी थांबून राहत नाही. ते मागे फुगते, काठावरून सांडते आणि मिळेल त्या वाटेने निघते. कुणाच्या बांधावरून, कुणाच्या अंगणातून. ज्या चारीने ओंजळभर पाणी न्यायचे, तिच्यातून लोंढा वाहतो. ती चारी रुंद होते, वाकडीतिकडी होते आणि एके दिवशी फुटते.

पोटातही तेच घडते. मागे फुगते म्हणून प्लीहा वाढते. आडवाटा शोधते म्हणून अन्ननलिकेच्या तळाशी आणि जठरात शिरा फुगतात. आणि तुंबलेली जागा ओलांडून यकृत गाठता यावे म्हणून पित्तनलिकेच्या आणि पित्ताशयाच्या भिंतीतल्या केसासारख्या शिरा फुगून बोरूएवढ्या होतात. मूळ शिरेच्या जागी अशा वाकड्यातिकड्या शिरांचे एक जाळे तयार होते. त्याला डॉक्टर कॅव्हर्नोमा म्हणतात. हे शरीराचे शहाणपण आहे, कारण त्यामुळे यकृत जगते. परंतु आडवाट ती आडवाट. तिच्यावर जास्तीचा भार आला की ती फुटते. शिवाय ती पित्तनलिकेवर दाब आणते, आणि मग पुढे कधीतरी कावीळ होते, पित्ताचे खडे होतात.

पाट तुंबतो तो दोन प्रकारांनी. एका प्रकारात फडच कडक होऊन बसतो, पाणी घेईनासा होतो. दारूने, कावीळ ब आणि क या विषाणूंनी, आणि अलीकडे चरबी साठून यकृत असे कडक होते. तो सिरॉसिस. तो बहुधा मोठ्या माणसांत दिसतो. दुसऱ्या प्रकारात फड चांगला असतो, पाटातच गुठळी बसलेली असते. आपल्या देशात लहान मुलांना अचानक रक्ताच्या मोठ्या उलट्या होतात, त्यामागे हा दुसरा प्रकार पुष्कळदा असतो. त्याचे कारण अनेक मुलांत सापडतच नाही. काहींत रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो. आणि काहींत जन्मल्यावर नाळेला झालेला जंतुसंसर्ग आतल्या शिरेने वर जाऊन ही गुठळी करतो. माताभगिनींनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे. नवजात बाळाच्या नाळेवर राख, शेण, हळद, तेल असे घरचे काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी. ती आपोआप गळून पडते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सगळे पोटाच्या आत, काळोखात चाललेले. ते दिसते कसे?

१८९५ साली जर्मनीत रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि माणसाला प्रथम आपली हाडे दिसली. परंतु साध्या क्ष-किरणात शिरा दिसत नाहीत. रक्त आणि मांस त्याला सारखेच. म्हणून १९५० च्या दशकात डॉक्टर बरगड्यांमधून थेट प्लीहेत सुई घालून रंगद्रव्य सोडत आणि ते शिरांतून वाहत असताना फोटो घेत. त्यात रक्तस्रावाचा धोका होता. लहान मुलांना तर भूल द्यावी लागे.

नंतर आली सोनोग्राफी. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातील गाठी ध्वनिलहरींनी पाहता येतात हे प्रसिद्ध केले. तत्त्व सोपे आहे. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो. तो किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल ते कळते. येथे हाक मारणारे यंत्र सेकंदाला तीस-पस्तीस लाख कंपनांचा आवाज सोडते. आपल्या कानाची मजल वीस हजारांपर्यंत, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही. शरीरात हा आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि प्रत्येक भिंतीवरून परततो. त्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटते. यात किरण नाहीत, सुई नाही, वेदना नाही. हवेतून हा आवाज नीट जात नाही, म्हणून पोटावर तो थंड चिकट लेप लावतात. आणि जेवल्यावर पित्ताशय आकसते, आतड्यात वायू होतो, म्हणून सहा-आठ तास उपाशी यायला सांगतात. आपण चहा-बिस्कीट घेऊन जातो आणि 'थोडेसेच तर खाल्ले' म्हणतो. त्या थोड्याशाने पित्ताशयाची भिंत जाड दिसू शकते. डॉक्टरची फसगत आपणच करतो.

साध्या सोनोग्राफीत रक्त काळे दिसते आणि पित्तही काळेच दिसते. मग काळी वळवळीत रेघ दिसली तर ती शीर आहे की पित्ताची नळी, हे कसे ठरवायचे? त्यासाठी डॉप्लर लागतो.

डॉप्लर हे यंत्राच्या कंपनीचे नाव नाही, माणसाचे आहे. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये हे तत्त्व मांडले. भुसावळ-जळगावच्या माणसाला ते समजावून सांगायला नको. न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत स्टेशनात शिरते तेव्हा शिट्टीचा सूर चढा असतो. आपल्याला ओलांडून पुढे गेली की तोच सूर एकदम उतरतो. शिट्टी एकच, फरक गाडीच्या दिशेचा. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी आगगाडीवर तुतारीवाले बसवून हे कानांनी तपासून पाहिले. रक्तातील तांबड्या पेशी म्हणजे अशाच धावत्या गाड्या. त्यांच्यावरून परतणाऱ्या आवाजाचा सूर चढला तर रक्त आपल्याकडे येत आहे, उतरला तर दूर जात आहे. १९५० च्या दशकात जपानमध्ये सातोमुरा यांनी हे हृदयासाठी वापरले आणि १९८० च्या दशकात ते पडद्यावर रंगांत दिसू लागले.

येथे एक गैरसमज दूर करतो. डॉप्लरच्या चित्रात लाल आणि निळे रंग असतात, ते पाहून आमचे विद्यार्थी लगेच शुद्ध आणि अशुद्ध रक्त म्हणतात. तसे नाही. बहुधा यंत्राकडे येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा दाखवतात. तो दिशेचा रंग आहे, शुद्धतेचा नाही. आणि गाडी आपल्या डोळ्यांसमोरून आडवी जाते त्या क्षणी जसा सुरातला फरक सापडत नाही, तसे प्रवाहाशी काटकोन झाला तर यंत्राला काही कळत नाही. म्हणून डॉक्टर तो हातातला भाग पुन्हा पुन्हा कलता करतात. ते वेळ घालवत नसतात. यंत्र चांगले हवे, तसा हातही जाणता हवा.

माझ्या विद्यार्थ्याची डॉप्लर तपासणी झाली त्या वेळी मी त्याच्याजवळ होतो. खोली अंधारी. वडील बाहेर, कारण त्यांना पाहवत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "सर, इथे बोटाएवढी एक सरळ नळी दिसायला हवी. ती कुठे आहे?" मला पडद्यावर फक्त काळी भोके दिसत होती, मधाच्या पोळ्यासारखी. मग त्यांनी एक कळ दाबली आणि त्या भोकांत लाल-निळे रंग भरले, वळणे घेत, एकमेकांत शिरत. कुठे पाट म्हणून नव्हताच. नुसत्या चाऱ्याच चाऱ्या. त्यांनी यंत्र थोडे उजवीकडे सरकवले. पित्ताशयाच्या भिंतीतही तेच रंग वळवळत होते. त्यांनी आवाज सुरू केला. धमनीचा आवाज ठोक्याठोक्याने येतो. हा आवाज अखंड होता, बाभळीतून वारा जातो तसा. मुलाने विचारले, "सर, हे माझ्या पोटात वाहतंय?" मी हो म्हणालो. या पाण्याच्या वाटेवर मी त्याला मैदानात उभे केले होते, हे त्याच क्षणी मला आठवले.

यानंतर जे कळले ते आणखी हादरवणारे होते. आजोबांच्या पिशवीत एक वर्षापूर्वीचा सोनोग्राफीचा कागद होता. पोट दुखते म्हणून एके ठिकाणी तपासणी झाली होती, तिच्यात डॉप्लर नव्हता. कागदावर लिहिले होते, पित्ताशयाची भिंत जाड, प्लीहा वाढलेली. त्यावरून कुणीतरी पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. मी कुणाचे नाव घेत नाही, कारण मला कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. पित्ताशयाची भिंत डेंग्यूमध्ये जाड दिसते, काविळीत जाड दिसते, पोटात पाणी झाले तरी जाड दिसते. येथे ती जाड दिसत होती, कारण तिच्यात शिरा भरल्या होत्या. अशा भिंतीला नकळत चाकू लागला असता तर तो रक्तस्राव आवरणे कठीण गेले असते. मग शस्त्रक्रिया झाली का नाही? त्या वर्षी केळीला भाव मिळाला नाही, मजुरी थकली आणि पैसे जमले नाहीत, म्हणून. त्या घराच्या गरिबीने एकदाच त्याचा जीव वाचवला. पालकहो, मुलांचे जीव अशा योगायोगावर सोडता येत नाहीत.

याचा अर्थ पित्ताशयाची शस्त्रक्रिया वाईट असा कुणी घेऊ नये. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. आज ती जिल्ह्याच्या गावी होते आणि लोक लवकर घरी जातात. माझे म्हणणे एवढेच की ज्याची प्लीहा वाढलेली आहे, ज्याला कधी रक्ताची उलटी झाली आहे, ज्याच्या प्लेटलेट विनाकारण कमी आहेत, त्याच्या पोटाला चाकू लागण्यापूर्वी आपण नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, डॉप्लर करून शिरा पाहायच्या का?" एवढे विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

डॉप्लरनंतर गरज वाटली तर सी. टी. स्कॅन करतात. हे यंत्र हाउन्सफील्ड यांचे. १९७१ साली पहिल्या रुग्णावर ते वापरले गेले आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात. ते हृदयातून, आतड्यातून फिरून या शिरेत यायला साधारण एक मिनिट लागते, आणि नेमक्या त्या वेळी चित्र घेतात. मग पाट कुठे तुंबला आणि कोणत्या चाऱ्या फुगल्या याचा संपूर्ण नकाशा मिळतो. यात क्ष-किरण असतात, म्हणून मुलांत ते विनाकारण पुन्हा पुन्हा करू नये. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी सांगावे. पित्तनलिका दबली आहे का हे पाहायला एम. आर. आय. ची एक तपासणी आहे, तिच्यात क्ष-किरण नाहीत. डॉप्लर, सी. टी. आणि एम. आर. आय. यांची कामे वेगळी आहेत. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी असे नव्हे. डॉप्लर यात स्वस्त आहे आणि पहिला आहे.

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी असते. ती पाहून आमच्या काही भगिनी तेथे पोट दाखवायलाही बिचकतात. तो कायदा मुलींच्या रक्षणासाठी आहे. महाराष्ट्राने तो १९८८ साली देशात प्रथम केला आणि १९९४ साली तो सगळ्या देशाचा झाला. यकृताची तपासणी करून घ्यायला त्याची आडकाठी नाही.

माझा विद्यार्थी आता नववीत आहे. रोज गोळी घेतो. ठरलेल्या तारखेला दुर्बिणीची तपासणी होते. फुगलेली शीर दिसली तर बांधतात. तुंबलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया असते; ती त्याला करायची की नाही याचा विचार मुंबईचे डॉक्टर करत आहेत. मोठ्या प्लीहेवर मार बसू नये म्हणून त्याला कबड्डी मना आहे. तो गुणलेखक म्हणून बसतो आणि त्याच्या वहीत एका गुणाची चूक सापडत नाही. त्याला ढेऱ्या म्हणणारी मुले आता कुणी त्याला धक्का दिला तर भांडायला उठतात. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्हाले काय माहीत होतं?" त्याने मला सोडले. मात्र 'माहीत नव्हते' ही शिक्षकाची सबब होऊ शकत नाही, असे मला वाटते.

म्हणून शेवटी माझ्या काही विनंत्या. शिक्षक बंधूंना विनंती की जो मुलगा लवकर थकतो त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांची खालची पापणी पाहा, पोटाकडे पाहा. २०१३ साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी अशा मुलांना मागच्या बाकावरून उठवून सर्वांत आधी पुढे पाठवा. पालकांना विनंती की पाणथरीला डाग देऊ नका आणि काविळीला फक्त झाडपाल्यावर सोडू नका. ज्या मुलाची प्लीहा वाढली आहे त्याला दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत कावीळ ब ची लस टोचून घ्या. उलटीत रक्त दिसले किंवा शौचाला डांबरासारखे काळे झाले तर सकाळची वाट पाहू नका.

आणि तपासणीचे कागद जपा. आमच्या घरांत शिधापत्रिका आणि सातबारा पेटीत असतो, मात्र दवाखान्याचा कागद खिडकीच्या गजात खोचलेला असतो. आजोबांनी तो जुना कागद पिशवीत जपून ठेवला होता. त्यांना वाचता येत नाही, तरी जपला. त्या एका कागदामुळे डॉक्टरांना कळले की हे दुखणे जुने आहे. ज्याला वाचता येत नाही त्याने कागद जपावा आणि ज्याला वाचता येते त्याने तो वाचून दाखवावा. आपली संस्था शिक्षण देते ते याचसाठी. 'प्लीहा वाढली आहे', 'शिरा फुगल्या आहेत' हे इंग्रजी अहवालात कुठे लिहिले आहे एवढे आमच्या दहावीच्या मुलाला आपल्या आजोबांना सांगता आले, तर त्याच्या शिक्षणाचे चीज झाले असे मी समजेन.

माझ्या गावी पावसाळ्यापूर्वी सगळा गाव मिळून पाटातला गाळ काढतो. तेव्हा कुणी विचारत नाही की माझ्या फडाला तर पाणी येते, मग मी का येऊ. वरच्या अंगाला तुंबले तर खालच्या अंगाला कोरडे पडणार, हे सगळ्यांना माहीत असते.